जिग्नेशशेटचा उतारा

जिग्नेशचं म्हणणं असं होतं, की भुताला घाबरतो तो अडाणी, भुताला हसतो तो शिकलेला, आणि भुतावर धंदा करतो तो उद्योजक!

हे वाक्य तो बोर्डीतल्या आपल्या चिकूच्या वाडीत, ओट्यावर पायावर पाय टाकून, समोर कोणीही नसताना बोलला. मग त्याची बायको भाविनी चहा घेऊन आली तेव्हा पुन्हा बोलला. इतकं चांगलं वाक्य नुसतं झाडांना ऐकवून वाया घालवणं त्याला पटेना.

"कसला धंदा?" भाविनीनं विचारलं.

"भुताटकी सहल! मुंबईची माणसं शनिवारी येतात, आपल्या दोन खोल्यांत राहतात, चिकू खातात, समुद्र बघतात आणि रविवारी सकाळी विचारतात, आता काय? आता याचं उत्तर आहे माझ्याकडे. ऐक. 'काळ्या जादूचा तीन हजार वर्षांचा इतिहास! प्रत्यक्ष वाडीत फिरून! चहा-नाश्त्यासह!'"

भाविनी डहाणूच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. कुठलाही आकडा दिसला, की तो तपासल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"तीन हजार कुठून आणलेत?"

"इतिहासातून."

"कुठल्या?"

"अगं, राउंड फिगर आहे ती!"

आकडा राउंड असला तरी अभ्यास मात्र जिग्नेशनं खरोखर केला होता. रोज जेवण झालं की तो फोन घेऊन झोपाळ्यावर बसायचा आणि हरवून जायचा. करणी, मूठ, चेटूक, वेताळ. कामरूपच्या मांत्रिकिणी, ज्या म्हणे आवडलेल्या पुरुषाचा मेंढा करून अंगणात बांधून ठेवत. परदेशातल्या टाचण्या टोचलेल्या बाहुल्या, जमिनीवर काढलेल्या पाच कोनांच्या चांदण्या. अंधार सगळीकडे सारखाच काळा, पण माणसानं त्याला देशोदेशी केवढी नावं दिली, केवढे नियम लावले! कशाला स्पर्श करायचा, कशाला नाही. कुठल्या दिशेला तोंड करायचं. काय बोललं की काय सुटतं. हे सगळं वाचून जिग्नेशची छाती अभिमानानं फुगायची. जणू ते सगळं बोर्डीतच, त्याच्याच देखरेखीखाली घडलं होतं!

पहिली सहल शनिवारी दुपारी होती. निलम नावाच्या एका बाईंनी मुंबईहून मिनीबसभर मंडळी आणायचं ठरवलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी जिग्नेशनं वाडीच्या फाटकासमोर, जिथे पाड्याकडून येणारी पायवाट सडकेला मिळते त्या तिठ्यावर, सहलीचा पहिला देखावा मांडला. एक दणदणीत उतारा!

मांडताना त्याचा नियम एकच होता. फोटोत गच्च दिसलं पाहिजे. त्यानं रांगोळीनं पाच कोनांची चांदणी काढली. कोनांवर मेणबत्त्या लावल्या. मध्ये कुंकवानं लाल केलेला भात, त्यावर नारळ, नारळाशेजारी अंडं, अंड्याशेजारी लिंबं. चिंध्यांची काळी बाहुली केली आणि भाविनीच्या शिवणाच्या डब्यातल्या सगळ्या टाचण्या तिला टोचल्या. एका कच्च्या चिकूत खिळे ठोकले, म्हणजे स्थानिक रंग येईल. तरीही डाव्या बाजूला जागा रिकामी वाटत होती. मग त्यानं स्वयंपाकघरातून एक सुका बोंबील आणला, त्याला कुंकू लावलं आणि ठेवला.

भाविनी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"हा कशासाठीचा उतारा आहे?"

"वातावरणासाठीचा."

"सकाळी जमनाबाईची माणसं येतील चिकू तोडायला. याच वाटेनं."

"मग काय झालं? ती तर जन्मापासून बघतायत असलं! त्यांना काय त्याचं?"

घोडचूक झाली ती इथेच. कारण जी माणसं जन्मापासून उतारा बघत आली आहेत, ती तो वाचतात. पाड्यावरच्या माणसाला उतारा म्हणजे सडकेवरच्या पाटीसारखा असतो. एखाद्या घरी पोर तापानं फणफणलं, तर त्याच्या अंगावरून भात-नारळ ओवाळून गावाच्या वेशीवर आणून ठेवतात. आजाराला जेवायला घालून, मान देऊन दाराबाहेर काढायची ही रीत आहे, आणि बारकाईनं पाहिलं तर मोठी शहाणी रीत आहे. घरातलं दुखणं घरात कुजत ठेवत नाहीत, त्याला एक जागा देतात. येणारा-जाणारा बघतो, कशाचा आहे ते ओळखतो, ज्याच्या घरचा त्याच्यासाठी मनात चुकचुकतो आणि वळसा घालून पुढे जातो. घाबरण्यासारखं त्यात काही राहत नाही.

जिग्नेशनं मांडलेला उतारा मात्र जगात कोणालाच वाचता येण्यासारखा नव्हता.

शनिवारी सकाळी झरीहून टेम्पो आला. जमना आधी उतरली. ही तोडणाऱ्यांची मुकादम. आवाज असा की शेंड्यावरच्या माणसाला खालून शिडीशिवाय गाठायचा. तिच्यामागून जाळीच्या काठ्या आणि टोपल्या घेऊन तिची माणसं उतरली, फाटकाकडे निघाली आणि अचानक करकचून ब्रेक लागल्यासारखी थांबली.

जिग्नेश तोंडात ब्रश धरून फाटकाशी आला तेव्हा तिथे परिसंवाद सुरू झाला होता.

"अंडं हाय. म्हंजे पोटुशी बाईवर," एक जण म्हणाली.

"खिळं मारलेला चिकू बघ ना! झाडावर केलाय."

"झाडावर कोण करतं? नारळ हाय तर देवाचा असंल."

"देवाला बोंबील?"

बोंबलाला कोणाकडेच उत्तर नव्हतं.

"आनि ही चांदनी?" जमनानं विचारलं.

तुक्या नावाचा म्हातारा तोडणारा वाकला, डोळे बारीक करून त्यानं रांगोळी न्याहाळली आणि गंभीरपणे म्हणाला, "ही सरकारी असंल. पोलिसाच्या खांद्यावर असते."

मग तर सगळी आणखी एक पाऊल मागे सरली!

जिग्नेशनं घाईघाईनं तोंडातला फेस थुंकला. "अरे, मी मांडलंय ते! मी!"

त्याला वाटलं, आता सगळे हसतील. सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

"कोनावर?" जमना म्हणाली.

"कोणावर नाही! गंमत आहे. पाहुणे येणार आहेत, त्यांना दाखवायला."

"शेट, पाहुन्यांना दाखवायला कोन उंबऱ्यावर विंचू सोडतं का?"

"पण हा खोटा विंचू आहे ना!"

"ते विंचवाला ठाव हाय का?"

जिग्नेश शिकलेला माणूस होता, पण विंचवाला काय ठाऊक असतं ते कुठेच शिकवलेलं नव्हतं. तो हात जोडून म्हणाला, "जमनाबाई, संध्याकाळी ट्रक येतोय. आज माल गेला नाही तर ट्रकवाला आठवडाभर फिरकायचा नाही. फळ तयार झालंय सगळं. राहिलं तर वटवाघळं पार्टी करतील! चला ना, बाजूनं चला."

"बाजूनं जायाला तो कशाचा ते ठाव पायजे. तापाचा असला तर डावीकडून जाऊ. हा कशाचा तेच कळत नाय. कळत नाय म्हंजे कशाचाबी असंल." जमनाचा आवाज एकदम खाली आला, आणि जिग्नेशनं तो तसा कधी ऐकला नव्हता. "आनि शेट, ज्या उताऱ्याला धनी नसतो ना, त्याला लोक धनी शोधतात. उद्या कोनाच्या घरी पोर आजारी पडलं, की बोलतील, बोर्डीला ओलांडलेला तो कोनाचा होता? मग शोधत शोधत कोनतरी एकटी म्हातारी सापडते. माझ्या आजीच्या बहिनीला अशीच सापडवली होती. तिचं घर राह्यलं नाय. म्हनून आमी नाय ओलांडत."

"पण धनी आहे ना! मी आहे धनी!"

"मग कोनावर केला ते सांगा."

"कोणावरच नाही!"

"मग तुमी धनी नाय."

हे गोल गोल चक्र तीनदा फिरल्यावर जिग्नेशचा संयम संपला. "थांबा, दाखवतो तुम्हाला!" असं म्हणून तो तरातरा पुढे झाला आणि त्यानं त्या देखाव्याला सणसणीत लाथ घातली.

याहून वाईट गोष्ट त्याला ठरवूनही करता आली नसती. अंडं रस्त्यावर फुटलं आणि कुठूनतरी आलेल्या कुत्र्यानं ते चाटून साफ केलं. एक लिंबू उडालं ते कुंपणाखालून घरंगळत शेजारच्या नारूकाकांच्या वाडीत शिरलं आणि थेट त्यांच्या झाडाच्या बुंध्याशी जाऊन टेकलं. झाडावर चढलेली नारूकाकांची माणसं भराभर खाली उतरली. आणि बोंबील? तो कावळ्यानं उचलला. पण चोचीत कुंकू गेल्यावर कावळ्यालाही त्याची चव पटली नसावी. सडकेवरून हंसा मासळीची पाटी डोक्यावर घेऊन, "जिताडं घ्या, बोई घ्या," म्हणत येत होती. कावळ्यानं बोंबील नेमका तिच्या पाटीत सोडला!

हंसानं पाटी उतरवून बघितली आणि जी बोंब ठोकली, ती बहुधा घोलवड स्टेशनात ऐकू गेली असेल.

"कुंकू लावलेला बोंबील! माझ्या पाटीत! आजच बोट पान्यात घातलीय माझ्या नवऱ्यानं, इंजिन दुरुस्त करून! कोनी केलं हे? कोन तो?"

जमनाच्या सगळ्या माणसांनी एकाच वेळी जिग्नेशकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात नारूकाका आले. त्यांनी लिंबू एका लांब काठीच्या टोकाला खोचून, अंगापासून होईल तितकं दूर धरलं होतं. "जिग्नेश! हे लिंबू तुझं का? माझी माणसं खाली बसलीत! तरी म्हटलं, माझा गुडघा कालपासून का दुखतोय!"

"काका, तुमचा गुडघा पाच वर्षं दुखतोय!"

"म्हणजे पाच वर्षं चाललंय तुझं हे?"

जिग्नेशनं डोकं धरलं. एका लाथेत त्यानं स्वतःची वाडी, शेजारची वाडी आणि अर्धा मासळी बाजार बंद पाडला होता. दुपारी पाहुणे, संध्याकाळी ट्रक, आणि झाडांवर तयार फळ लोंबत होतं. त्याला वटवाघळांचे आनंदी चेहरे दिसू लागले.

या सगळ्या आरडाओरड्यात भाविनी फाटकाला टेकून शांत उभी होती. आता ती म्हणाली, "लक्ष्या भगताला फोन लावा."

"तू सांगतेस हे? तू सायन्सची!"

"लॅबमध्ये काही सांडलं, की ते ज्याला निस्तरता येतं त्याला बोलावतात. ज्यानं सांडलं त्याला पुसायला लावत नाहीत. तो आणखी पसरवतो."

पाड्यांवरची दुखणी-बाधा उतरवणारा लक्ष्या भगत झरीहून स्वतःच्या मोटरसायकलवर आला. काळा गॉगल, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात मोबाईल. गाडी लावून आधी त्यानं आरशात भांग नीट केला. पंचक्रोशीत आपल्यासारखा भगत नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि ते दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल अशी शंकाही त्याच्या मनाला शिवत नसे. तो उताऱ्याच्या अवशेषांभोवती सावकाश फिरला. चित्रकलेच्या परीक्षेत एखाद्या पोरानं हत्तीला पंख काढावेत आणि गुण कुठे कापायचे तेच परीक्षकाला कळू नये, तसा त्याचा चेहरा झाला होता.

"हे कोनी शिकवलं?"

"फोननं," जिग्नेश म्हणाला.

"मग फोनलाच विचार ना, उतरवायचं कसं."

"तेवढं त्यात नव्हतं."

"मंतर कोनता घातला?"

"कुठलाच नाही."

"बिनमंतराचा?" लक्ष्यानं गॉगल काढला. "आरं, मी सोडवू काय मग? बांधलेली गाठ सोडवता येते. तू तर नुसता दोरीचा गुंता करून ठेवलास!"

मग त्यानं सूप मागितलं, त्यात तांदळाची मूठ टाकली आणि तिठ्यावर मांडी घालून बसला. सगळे त्याच्याभोवती कोंडाळं करून बसले. पुढे जे झालं, ते बघताना जिग्नेश आपली अडचण विसरून गेला. लक्ष्यानं एकेकाला समोर घेतलं. हंसाला बोटीचं विचारलं. इंजिन कधी बिघडलं, दुरुस्ती कोणी केली, नवरा काय बोलून गेला. सूप हलवलं, तांदूळ बोटानं सारून पाहिले आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "ह्याचा तुझ्याशी संबंध नाय." हंसाचे खांदे खाली आले. नारूकाकांना गुडघ्याचं विचारलं. "संबंध नाय. डागदरकडं जा, आनि वरची खोली पोराला दे, तू खाली झोप." जमनाची सून संगिता पोटुशी होती, तिचं विचारताना तर त्याचा आवाज इतका मऊ झाला, की जमनासारखी जमना पदरानं डोळे पुसायला लागली. "संबंध नाय, जमने. सून सुखरूप हाय."

"आमच्याकडे नॉर्मल रिपोर्ट नुसता हातात ठेवतात," भाविनी जिग्नेशच्या कानाशी पुटपुटली. "असं समोर बसवून सांगत कोणीच नाही."

तिच्या आवाजात उघड कौतुक होतं. जिग्नेशला जरा लागलंच. सहलीच्या कल्पनेचं तिनं असं कौतुक एकदाही केलं नव्हतं.

शेवटी लक्ष्या त्याच्याकडे वळला. "आता तू. कोनावर केला?"

"भगत, खरंच सांगतो..."

"मी कायदा पाळनारा भगत हाय. मी कोनाचं नाव घेत नाय, माझ्या बापानंबी कधी घेतलं नाय. मांडला त्यानंच बोलायचं. तू नाय बोललास तर उद्यापासून सगळे बोलतील, आनि भलत्याच कोनाचं तरी नाव निघंल. बोल. सगळ्यांसमोर बोल."

कोंडाळं पुढे झुकलं. जिग्नेशची नजर नारूकाकांकडे गेली; त्यांनी लिंबाची काठी उचलली. हंसाकडे गेली, तिनं पदर खोचला. जमनाकडे गेली. ती नुसती बघत राहिली, आणि त्याला तिच्या आजीची ती बहीण आठवली, जिला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं.

"माझ्यावर," जिग्नेश म्हणाला. "मी माझ्यावरच केला."

"हां!" लक्ष्या मांडीवर थाप मारून म्हणाला. "आता धनी सापडला!"

सगळ्या तिठ्यानं एकदम श्वास सोडला. तुक्यानं तर जिग्नेशच्या पाठीवर हात ठेवला आणि आजारी माणसाला विचारावं तसं विचारलं, "कधीपासून होतंय शेट?"

मग लक्ष्यानं जिग्नेशला पूर्वेकडे तोंड करून बसवलं, कडुलिंबाच्या डहाळीनं डोक्यापासून पायापर्यंत झाडलं, आणि पडलेलं सगळं सामान सुपात गोळा करायला लावलं. बोंबील हंसानं स्वतः आणून टाकला. अंड्याचं काय, असं जमनानं विचारलं, तेव्हा लक्ष्या म्हणाला, "ते कुत्र्याचं होतं, कुत्र्याला पोचलं."

"आता सूप डोक्यावर घे आनि वाहत्या पान्यात नेऊन सोड. जाताना बोलायचं नाय, मागं बघायचं नाय. सोडून फिरलास, की पान्याकडं बघायचं नाय. घरच्या उंबऱ्यात येईपर्यंत नाय. मागं बघितलंस, तर ते वळतं आनि तुझ्याबरोबर घरी येतं. मग मला बोलवू नको."

"आनि शेटनं मागं बघितलं, तर आमी चिकू तोडनार नाय," जमनानं जोडलं.

"समुद्र चालंल," लक्ष्या म्हणाला.

"आता ओहोटी हाय!" हंसा म्हणाली.

लक्ष्या झरीचा. त्याच्या गावचं पाणी नदीत असतं ते नदीतच राहतं. "म्हंजे?"

"म्हंजे पानी गेलंय."

"कुठं?"

"गुजरातेत!"

बोर्डीचा समुद्र ओहोटीला इतका आत जातो, की नवख्या माणसाला तो विकून टाकला असं वाटावं. भरतीचं पाणी किनाऱ्याला लागायला दुपार टळली असती. तोवर थांबलं असतं तर ट्रक रिकामा गेला असता. जिग्नेशनं मुकाट्यानं सूप डोक्यावर घेतलं आणि चालू लागला. मागे लक्ष्या, त्याच्यामागे जमना आणि तिची माणसं, नारूकाका काठीसह, हंसा पाटीसह, आणि सगळ्यांत शेवटी भाविनी.

सुरूच्या झाडांपाशी पोचतात तोच मागे सडकेवर मिनीबसचा हॉर्न वाजला. पाहुणे लवकर आले होते!

"जिग्नेशभाई! अहो जिग्नेशभाई!" निलमबाईंचा आवाज आला.

जिग्नेशची मान वळू लागली. "शेट!" जमना गरजली. मान जागच्या जागी आली. त्याच क्षणी खिशातला फोन खणखणला. सूप धरलेले दोन्ही हात वर. फोन वाजतोय, बाई हाका मारतायत, आणि जिग्नेश नाकासमोर बघत, लष्करी संचलनातल्या जवानासारखा पावलं टाकतोय! भाविनीनं मागून येऊन त्याच्या खिशातला फोन काढला. "हो, ट्रक संध्याकाळीच पाठवा. माल मिळेल. ते आत्ता बोलू शकत नाहीत. नाही, तब्येत ठीक आहे. डोक्यावर सूप आहे."

"गाईड कॅरेक्टरमध्ये शिरलाय!" पाहुण्यांपैकी कोणीतरी कुजबुजलं. "चला, चला, सुरू झालं!" आणि सगळी मिनीबस चवड्यांवर चालत मिरवणुकीच्या शेपटाला लागली.

वाळू संपली आणि चिखल सुरू झाला. इस्त्रीची पँट असल्यामुळे लक्ष्या तिथेच थांबला, आणि तो थांबला म्हणून सगळे थांबले. जिग्नेश एकटा पुढे गेला. थोड्या अंतरावर त्याची डावी चप्पल रुतून निघाली आणि मागे राहिली. मागे बघायचं नव्हतं. मग उजवीही राहिली. पाहुण्यांतला एक जण ती उचलायला धावला, तसा लक्ष्या ओरडला, "हात नको लावू!" आणि तो माणूस आनंदानं शहारला. कुठल्याही नाट्यगृहात त्याला असं कोणी ओरडलं नसतं.

पाणी गुडघ्याएवढं झालं तेव्हा जिग्नेशनं सूप सोडलं. बाहुली टाचण्यांसह तरंगत गेली, बोंबील घरी गेला. जिग्नेश फिरला, किनाऱ्याकडे तोंड केलं आणि चालू लागला.

आणि त्याच्या लक्षात आलं, की वाळूवर कोणीच नाही.

त्यानं सूप सोडलेलं बघताच जमनाची माणसं वाडीकडे पळाली होती. उजेड असेपर्यंत फळ उतरवायचं होतं. लक्ष्या निघून गेला होता. पाहुण्यांना भाविनीनं नाश्त्याला नेलं होतं. अथांग चिखलात जिग्नेश एकटा, आणि त्याच्या मागे काहीतरी येत होतं. छपक. छपक. तो थांबला की तेही थांबायचं. तो चालला की तेही चालायचं.

आपलीच पावलं आहेत, असं त्यानं स्वतःला सांगितलं. किंवा भरती लागली असेल. आपण शिकलेले आहोत, उद्योजक आहोत. कामरूपचा तो मेंढा उगाच मनात आला. जिग्नेश जरा भरभर चालू लागला. मग आणखी भरभर. सुरूच्या झाडांमधून तर तो असा पळत सुटला, की वाटेतल्या घोडागाडीचा घोडा बाजूला झाला!

संध्याकाळी ट्रक भरून गेला. नारूकाकांचाही. हंसाच्या नवऱ्याची बोट सुखरूप परत आली आणि तिनं भाविनीला दोन बोई तशाच देऊन टाकल्या. निलमबाईंची मंडळी इतकी खूश होती, की त्यांनी जाऊन लक्ष्या भगताला गाठायचं ठरवलं. एकाचा व्हिडिओ नीट आला नव्हता, पुन्हा एकदा करून दाखवाल का, असं विचारायला. लक्ष्यानं फोनवरच सांगितलं, "दाखवायला करत नाय. कोनाला काय होत असंल तर या." त्यातला मान पाहुण्यांनाही कळला असावा, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. रात्री खोलीकडे जाताना निलमबाईंनी जिग्नेशचा हात हातात घेतला. "अप्रतिम! पळत आलात तेव्हा तुमच्या चेहऱ्यावरची भीती तर केवळ... कुठे शिकलात अभिनय? फक्त तीन हजार वर्षांचा इतिहास राहून गेला हं!"

पाहुणे झोपायला गेल्यावर भाविनी ओट्यावर येऊन बसली.

"मी गच्चीवरून बघत होते," ती म्हणाली. "तुमच्या मागे भरतीचं पाणी येत होतं. दुसरं काही नव्हतं."

"ते काय मला माहीत नाही?" जिग्नेश म्हणाला.

"वाळूवरही कोणी नव्हतं. जमनाबाई केव्हाच फाटकाच्या आत गेल्या होत्या. वळून बघितलं असतं तरी कोणाला कळलं नसतं."

"हो."

"मग बघितलं का नाही?"

जिग्नेश अंधारात वाडीकडे बघत राहिला. झाडं रिकामी झाली होती, आणि वटवाघळं नाराजीनं घिरट्या घालत होती.

"मान धरली होती," तो शेवटी म्हणाला. "सूप डोक्यावर घेऊन."

भाविनी आत गेली, मलमाची डबी घेऊन आली, त्याच्या मागे बसली आणि बोटावर मलम घेऊन तिनं नेहमीच्या तपासणीच्या सुरात विचारलं, "कुठल्या बाजूला वळताना दुखते?"

जिग्नेशनं थोडा विचार केला.

"दोन्ही," तो म्हणाला.